पिवळं कार्ड

मिसेस ह्रुस्कांनी विचारलं, वेळ कोण बघणार?
आणि माझा हात वर गेला.
त्या वर्षात तो आपणहून वर गेल्याचं
मला दुसऱ्यांदा आठवत नाही.

एक घड्याळ, तीन कार्डं.
हिरवं : बोला. पिवळं : एक मिनिट उरलं. लाल : बसा खाली.
शेवटच्या बाकावरून मी हे सगळं
तोंड न उघडता सांगायचो.
भाषणाच्या वर्गात याहून सुरक्षित जागा नव्हती.

पहिला गृहपाठ, स्वतःची ओळख, दोन मिनिटं.
वेन्डेल क्रेब्स चाळीस सेकंदांत संपला.
नाव, शेत, ट्रकचं मॉडेल.
मग म्हणाला, बाकी तुम्हाला माहीतच आहे.
आणि खरंच होतं ते.
नेब्रास्कातल्या आमच्या गावात
धान्याच्या कोठारापेक्षा उंच काही नाही,
आडोसा कशाचा असणार?

मग कृती करून दाखवायची होती.
कोणी टाय बांधला, कोणी अंडं सोललं.
युलालियो त्सोक बापाचा हातमोजा घेऊन आला,
पोलादी कड्यांचा, माशाच्या खवल्यांसारखा,
मांसाच्या कारखान्यातल्या रात्रपाळीचा.
शाळेत सुरी चालत नाही, म्हणून हातात फूटपट्टी,
आणि हवेतल्या हवेत त्याने एक अख्खा खांदा सोडवला :
सांधा इथे,
मनगट असं,
आणि बोटं इथे कधीच ठेवायची नाहीत.
मी लाल दाखवलं. तो थांबेना.
म्हणाला, पट्टा थांबतो का?
घड्याळ माझ्या हातात चालूच राहिलं,
मी ते उलटं ठेवलं.

इफ्राह नूरने गाईवाल्यांच्या या गावाला
उंट शहाणा असतो हे पटवून दिलं.
अकरा विरुद्ध नऊ.
क्रेब्स नवांत होता, पण टाळ्या त्याच्याच मोठ्या.

मे महिन्यात कॉफीचा डबा आला.
चिठ्ठी उचला, तीस सेकंद विचार करा, बोला.
सगळे झाले. मिसेस ह्रुस्का मागे येऊन उभ्या राहिल्या
आणि माझ्या हातातून कार्डं काढून घेतली.
जा, म्हणाल्या. एवढंच.

माझं आडनाव पोकॉर्नी.
त्या 'प'पाशी मी लहानपणापासून अडतो,
बंद दारापुढे मांजर बसावी तसा बसून राहतो.
चिठ्ठीवर लिहिलं होतं : फ्रिज.
कोणीतरी हसलं. मीही हसलो असतो.

आ-आमचा फ्रिज रात्री गुरगुरतो, मी म्हणालो.
गाई विकल्यापासून आमच्या घरात
तोच काय तो बोलतो.
त्याच्या दारावर आई लिहिते : दूध संपलं.
बाबा खाली लिहितात : बघतो.
आई लिहिते : विजेचं बिल.
बाबा लिहितात : बघतो.
अक्षर बाबांचं चांगलं आहे.
इथवर यायला मला किती वेळ लागला, ठाऊक नाही,
प्रत्येक 'ब' उंबऱ्यासारखा होता.

मग मागच्या भिंतीपाशी पिवळं वर आलं.
आठ महिने मी ते दुसऱ्यांना दाखवलं होतं,
संपत आलं, आवरा, या अर्थाने.
समोरून पाहिलं नव्हतं कधी.
समोरून ते वेगळंच काही सांगतं :
अजून एक मिनिट आहे.

ते मिनिट मी पूर्ण वापरलं.
काय बोललो ते आठवत नाही.
बर्फाच्या कप्प्याबद्दल होतं काहीतरी.

गुणपत्रक परत आलं.
नजर : दहापैकी तीन, खिडकीशीच बोलत होतास.
आवाज : पाच. वेळ : दहापैकी दहा.
खाली तिरक्या अक्षरात : मग बर्फाचं पुढे काय झालं?

मी ते फ्रिजवर लावलं,
पिझ्झाच्या दुकानातून फुकट मिळालेल्या
ढिल्या चुंबकाखाली.
सकाळी पाहिलं, त्यावर कोणी काही लिहिलं नव्हतं.
फक्त चुंबक बदललेला होता.
आता तो लाल ट्रॅक्टरचा होता, बाबांचा,
चांगला घट्ट धरणारा.