दोन सूत

आधी जुनी पट्टी काढली.
तीही सरळ निघाली नाही. स्क्रूंच्या डोक्यांना
शिवोलीची खारी हवा लागून इतकी वर्षं झालेली
की पेचकस लावला की नुसतं तांबडं पीठ पडायचं.
शेवटी पटाशी घातली, वरून हातोडी,
शेजारच्या आंतोनेतबाईंची दुपारची झोप मोडणार नाही इतपत.

मॅटॅडोर. सत्त्याऐंशी सालची.
आधीचे मालक डॉक्टर रेबेलो, वास्कोचे, दातांचे.
त्यांनीच हिच्या पोटात दोन बाकडी, एक ओटा,
पाण्याची टाकी आणि चार खिडक्या बसवल्या.
हंपीला जायचं होतं म्हणे, बायकोला घेऊन.
चोर्ल्याच्या चढावर गाडी तापली.
इंजिन निवेपर्यंत दगडावर बसून
चोरीस-पाव खाल्ला दोघांनी, आणि परत आली.
बाईंनी हे किल्ली देताना सांगितलं.
किमतीत धरू नका, म्हणाल्या.

पट्टीमागे उजव्या कोपऱ्यात
पांढरं, गुळगुळीत, कडक काहीतरी.
नखाने उकरलं. हलेना.
मग लक्षात आलं आणि एकटाच हसलो:
डॉक्टरांची पट्टी दोन सूत कमी भरली होती
आणि त्यांनी ती फट
दाढ भरतात तशी भरली होती.
बाकी सगळं गेलं होतं. रबराचं डांबर झालेलं,
प्लायला वाळवी, पत्र्यातून आंब्याचं झाड दिसतं.
ती दाढ तेवढी शाबूत.

मी ठेवली ती.

नवी पट्टी फणसाची.
मोरेश्वर च्यारीने म्हापशाहून आणून दिली.
आज हळदीसारखी दिसते, म्हणाला,
वर्षभरात गुळावर येईल, वॉर्निशची घाई करू नकोस.
मी तीस वर्षं कदंबाच्या गाडीत तिकिटं फाडली.
खिडकी म्हणजे माझ्यासाठी
कुणीतरी उघड म्हणायचं, कुणीतरी बंद कर.
तिला कड असते, कडेला रबर,
रबराला खाच, खाचेत काच,
हे आत्ता कळतंय, अठ्ठावन्नाव्या वर्षी, गुडघ्यांवर बसून.

काच बसवायला दोन माणसं लागतात.
रबराच्या खाचेतून सुतळी फिरवायची, वर साबणाचं पाणी.
एकाने आतून सुतळी ओढत जायचं,
दुसऱ्याने बाहेरून तळवे टेकून दाबत.
जिथे सुतळी, तिथेच दाब.
सुलक्षा भाकऱ्या टाकून तशीच आली, हाताला पीठ.
माझ्या हातासमोर तिचा हात, मधे काच.
इतक्या जवळून, इतका वेळ
आम्ही एकमेकांकडे शेवटचं कधी पाहिलं,
मोजायला लागलो. सुतळी अर्ध्यावर आली होती.

तिचे ओठ हलले.
मी ओरडलो, काय?
तिने हात हलवला. म्हणजे काही नाही,
किंवा म्हणजे थांब.
मी काही नाही असं धरलं आणि ओढली.

थांब होतं ते.
रबर आत मुडपलं. काच पुन्हा उतरवली.
"दोळे आसात न्हय तुका?"
दुसऱ्या खेपेला तिच्या तोंडाकडे बघतच ओढली.

मग पट्ट्या.
खालची बसली. वरची बसली.
उजवी मी मुद्दाम दोन सूत कमी कापली होती,
डॉक्टरांच्या दाढेला जागा ठेवून.
आणि त्याच खुणेवर, त्याच हाताने
डावीही कापून मोकळा झालो होतो.
मोरेश्वरकडे आता फणस नाही. पुढच्या आठवड्यात बघू म्हणतो.
घरात फेणीच्या बाटलीचं बूच होतं.
सुरीने चिरून, सरस लावून
डाव्या कोपऱ्यात दाबलं, अंगठा दुखेपर्यंत.
कधीतरी कुणीतरी हीही पट्टी काढेल,
नाक लावून बघेल.

संध्याकाळी पाइप जोडला.
सुलक्षा आत, टॉर्च घेऊन, बाकड्यावर मांडी घालून.
मी बाहेरून पाणी सोडलं, काचेवर, कडांवर,
डाव्या कोपऱ्यावर जरा जास्तच.
येतंय का गं आत?

काचेवरून पाणी वाहत होतं. त्यामागे
तिने हात हलवला.

मी नळ बंद केला
आणि दाराकडे गेलो, विचारायला.