काही करत नाही हो तो

तीस वर्षं मी या गावात टपाल वाटलं,
आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, जिथे वारासुद्धा आडनावाने ओळखतो;
आणि फाटकांआडून सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच:
"काही करत नाही हो तो."
डाव्या पोटरीवर अजून सही आहे
ओ'डाउडांच्या टेरियरची,
पोचपावतीसारखी.

निवृत्त झाले आणि, काय बुद्धी झाली,
कुत्रीच पाळली.
टिली. शर्यतीची ग्रेहाउंड, पाय अधू म्हणून टाकून दिलेली.
दोन्ही कानांत हिरव्या शाईने गोंदलेली अक्षरं,
जणू तिलाही कुठल्या तरी पत्त्यावर
पोचवायचं राहून गेलेलं.
छत्री उघडली की थरथरते.
पट्टा कायद्याचा. तोंडाची जाळी माझी,
शेजारच्या मांजरांची काळजी म्हणून.

सकाळी साडेसात, ओहोटीची वाळू.
समोरून ग्रॉन्या मकनल्टी,
पट्टा स्वतःच्याच गळ्यात, मफलरसारखा,
आणि तिच्या शंभर पावलं पुढे
चाळीस किलोंचा बार्नी.
"काही करत नाही हो तो! लाघवी आहे फार!"
"माझी घाबरते, बोलवा त्याला!"
"बार्नी! बार्नी, ये बघू! बार्नी!"
बार्नीला मेलेला खेकडा सापडलाय.
बार्नीला सध्या कान नाहीत.
मग तो येतोच. टिली माझ्या पायांभोवती
दोनदा फिरते, पट्टा गुडघ्यांना आवळतो,
मी वाळूत रोवलेला खांब.
"जाळी कशाला? चावरी आहे का?"
ग्रॉन्या विचारते,
आपला कुत्रा माझ्या कुत्रीच्या पाठीवरून ओढता ओढता.
"सोडावं हो त्यांना मोकळं कधीतरी."
मोकळं म्हणे. मोकाट म्हण की बाई.
पण मी हसते. गावात राहायचंय.

पाटी आहे तशी: एप्रिल ते सप्टेंबर पट्टा बांधावा.
पाटीवर सीगल बसतो,
खांबाशी सगळे पाय वर करतात.
नगरपालिकेला मी दोन पत्रं लिहिली.
तिसरं अजून पाकिटात आहे,
टपालखात्याच्या बाईलाच तिकिटाचा कंटाळा.

एक म्हातारा फॅक्टना हॅनलन तेवढा.
लांबून आम्हाला पाहिलं की हलकी शीळ,
त्याची कॉली खाली बसते,
कडी अडकते. आम्ही पुढे जातो.
दोन बोटं टोपीला. शब्द नाही.
मागे कडी सुटल्याचा आवाज येतो.
मेंढ्यांनी शिकवलं म्हणतो त्याला, माणसांनी नाही.

आणि मग ऑक्टोबरातला तो मंगळवार.
हातमोजा ओला. वाऱ्याने एक पांढरी पिशवी उडाली,
वाळूला घासत, अगदी
शर्यतीतल्या खोट्या सशासारखी,
आणि माझ्या मुठीत नुसता हातमोजा.

टिलीला पळताना मी कधी पाहिलंच नव्हतं.
अधू पाय? कुठला अधू पाय!
चारही पाय एकदम हवेत,
ओल्या वाळूवर तिची सावली मागे पडत चाललेली.
क्षणभर, खोटं कशाला बोलू,
मी नुसती बघत राहिले.

मग दिसली लाल बादली. बादलीमागे पोरगा.
पोरग्याची आजी त्याला पोटाशी घेऊन
टिलीकडे पाठ करून उभी,
आणि माझ्याच तोंडून,
माझ्याच आवाजात, पूर्ण छाती भरून:
"काही करत नाही हो ती!"

खरंच काही केलं नाही तिने.
पिशवी जाळीत अडकवून गोल वळून आली,
धापा टाकत, डोळे चमकत.
बादली आडवी. पोरगा रडतोय.
आजी माझ्याकडे बघत होती;
ती नजर मला ठाऊक होती, आतून,
टपालाची पिशवी पोटरीपुढे धरणाऱ्या बाईची.
"चुकलं माझं," म्हटलं.
तीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं.
तिने बादली उचलली. उत्तर दिलं नाही.
द्यायला हवं होतं असंही नाही.

रात्री सोफ्यावर झोपेत टिलीचे पाय चालतात.
तिथे मी मध्ये पडत नाही.

दुसऱ्या दिवशी बार्नी आलाच.
मी ओरडले, नेहमीसारखीच.
आवाज जरा खालचा लागला, एवढंच.