तेलाचं लव्हेंडर

औशाला कुमुदकडे गेले होते चार दिवस.
तिसऱ्या रात्री भाचा म्हणाला,
मावशी, उद्या आमचा ग्रुप निघालाय फोटोला, तूपण चल.
कुठं? तर लव्हेंडर बघायला.
अरे, इथं?
आपलं लव्हेंडर, तो म्हणाला. तेलाचं.

नऊ माणसं, दोन गाड्या, खरे कॅमेरे तीनच.
विम्याचे बिराजदार, लेन्स तान्ह्यासारखी मांडीवर घेऊन.
चित्रकलेच्या सोनटक्के बाई, ज्या कॅमेऱ्याआधी
दोन बोटांची चौकट करून बघतात.
सगळं उभंच काढणारी पोरं.
कुमुद, डबा घेऊन, "मी आपली नुसती येते."
आणि लतीफचाचा,
ज्यांच्या स्टँडसमोरच्या स्टुडिओत
आता मोबाइलची कव्हरं लटकतात.

निघायचं साडेसहाला होतं.
बिराजदारांची बॅटरी घरी राहिली.
लामजना पाटीवर चहा, चहावर भजी,
भज्यांवर पुन्हा चहा,
आणि कुणाचा तरी वर्गमित्र भेटला,
त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

पोचलो तेव्हा साडेदहा.
हरभऱ्याच्या पल्याड, गुडघ्याएवढं,
खरंच होतं ते.
शाई सांडलेला शर्ट तीनदा धुतल्यावर
खिशापाशी उरतो ना,
तो निळा.

ट्रायपॉडचे पाय उघडेपर्यंत
गळायला लागला.

वारा नव्हता. आवाज नव्हता.
एकेक पाकळी सुटायची, ढेकळावर बसायची,
आणि रानात हिरवं वाढत जायचं.
पोरं म्हणाली, रंग नंतर वाढवता येतो.
बिराजदार काहीच बोलले नाहीत,
आडवे झोपून मातीतल्या पाकळ्या काढू लागले.

"आता येलालाव व्हय?"
बांधावरून मालकीण. दैवशाला नाव.
"जवसाचं फूल सकाळचं. उन्हाशी त्याचं पटत नाही."
मग लतीफचाचांकडे बघत राहिली.
"ष्टँडसमोरचे ना तुमी?
धाव्वीच्या फारमाचा फोटो तुमीच काढलाव.
डोळे मिटलेले आले होते माझे."

चाचांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
पैसे घेतले होते का मी?
"घेतले की. आठ रुपये."

बचत गटाला दोन फोटो द्यायचे राहिलेच होते तिचे.
मग काय, सगळे कामाला लागले.
विहिरीजवळ बाभळीच्या सावलीत
एक पट्टा अजून टिकून होता, दोन खाटांएवढा.
तिथं तिला उभं केलं.
बिराजदारांनी, ज्यांनी मला कॅमेरा हातात घेऊ दिला नव्हता,
तो चाचांच्या गळ्यात स्वतः अडकवला.
सोनटक्के बाईंनी पदर सारखा केला.
तोंडावर उजेड कमी पडतोय, चाचा म्हणाले,
तर कुमुदनं डब्याचं झाकण पुसलं
आणि ऊन त्याच्यात धरून तिच्या गालावर टाकलं.

चाळीस वर्षं, चाचा म्हणाले,
निळ्या पडद्यापुढं माणसं बसवली.
पडदा वाळत घातलेला आज बघतोय.

हसू नका हां. कागदाचा फोटो आहे.
ती नाही हसली. आम्ही श्वास धरले.
डोळे?
उघडे.

डबा तिथंच बांधावर सुटला.
भाकरी, वांगं, आणि जवसाची चटणी.
मी बोटानं चाटली, आणि थांबले.
इतकी वर्षं हिला मी तपकिरीच समजत होते.

माझ्या फोनमध्ये त्रेसष्ट फोटो. सगळे हिरवे.

आठ दिवसांनी भाच्यानं एक पाठवला.
दैवशाला, ताठ, मागं सपाट निळं.
कुणी म्हणेल, स्टुडिओतला.
फक्त खालच्या कोपऱ्यात
कापायचं राहून गेलंय थोडं:
झाकणाची चकाकती कड
आणि ती धरलेली
कुमुदची दोन बोटं.