सातापर्यंत

पाटीवर नुसतं 'कॉन्सिडाइन'.
घरात मात्र आम्ही त्याला 'खाली' म्हणायचो.
बाबा कुठेत? खाली.
पान वाढलंय, खाली सांग.
आजोबा गेले त्या पहाटे
ओनोराआत्या जिन्यात आडवी उभी राहिली :
खाली कळवू नका एवढ्यात,
रात्रपाळीची माणसं प्यायला बसलीत.

ती बोटी उपसणारी माणसं.
क्लेअर परगण्यातून बफेलोच्या धक्क्यावर आलेली,
सरोवराच्या काठी दिवसभर गव्हात फावडी मारून
दारातून आत शिरायची ती
तळायच्या आधी पिठात घोळवल्यासारखी.
पहिला ग्लास घशातल्या धुळीचा, आजोबा म्हणत.
त्याचे पैसे नसत.
दुसऱ्यापासून वही.

वही आजीची. नाव, आकडा,
आणि फिटलं की जळक्या काडीची रेघ.
फिटलेल्यावर शाई कशाला घालवायची?

आजोबा इंग्रजीत बोलत, इंग्रजीत शिव्या देत,
पाद्रीबुवांपुढे पापंही इंग्रजीतच कबूल करत.
फक्त ट्रेमध्ये ग्लास मांडताना पुटपुटत :
हेन, दो, त्री, काहिर, कूग, शे, शख्त.
सात. ट्रे भरला.
मी स्टुलावर बसून ऐकायचे.
पुढचं कधी विचारलं नाही.

मग कालवा खोल झाला,
बोटी आमच्या गावाला बगल देऊन
सरळ समुद्राकडे जायला लागल्या.
गिऱ्हाईक भांडून गेलं असतं तर समजूत काढता आली असती.
हे नुसतेच यायचे थांबले.
बाबांनी पुढे चाळीस वर्षं दुकान उघडलं,
दात घासतात तसं, रोज.

बाबांच्या मागे एक गृहस्थ आला, इस्त्रीचा कोट.
त्याची कंपनी जगभर आयरिश पब बसवते,
विमानतळांवर, मॉलमध्ये, वाळवंटातसुद्धा.
त्याने काउंटरवरून हात फिरवला,
बुडालेल्या बोटीचं ओक, आधी काउंटर, मग भोवती भिंती,
आणि दिलगिरीने म्हणाला,
छान आहे. पण पुरेसं आयरिश वाटत नाही.
फिंटन इतका हसला की त्याला बसावं लागलं.
मग बसल्या जागी तो रडला.

काउंटर दारातून निघेना.
शेवटी करवत.
अर्धा फिंटनच्या गॅरेजमध्ये, त्यावर रंगाचे डबे.
अर्ध्याचं काय झालं
ते त्याने सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी टुबरिडींचा धाकटा आला,
वय सत्तरच्या पुढे, नाकात ऑक्सिजनची नळी.
बाबांचं किती राहिलंय? पाकीट हातातच होतं.
मी वही काढली.
अकरा डॉलर चाळीस सेंट. त्यावर काडीची रेघ.
म्हटलं, फिटलंय.
शक्यच नाही, तो म्हणाला,
ते गेले तेव्हा घरात बुटांचेही पैसे नव्हते.
मी वही त्याच्याकडे फिरवली.
त्याच पानावर आणखी चार नावं,
पाचही रेघा एका दमात मारलेल्या,
शेवटची फिकट, काडी संपत आल्यासारखी.
बोटीच्या पोटात गहू कोसळला
त्या आठवड्याचं पान.
तो बराच वेळ उभा होता.
मग नळी सरळ केली, पाकीट खिशात टाकलं,
आणि म्हणाला, एक ग्लास मिळेल?
ग्लास खोक्यांत गेले होते.
आम्ही दोघांनी चहाच्या कपातून घेतली.

आता तिथे पार्किंग आहे.
पलीकडच्या धान्याच्या कोठारात लोक राहायला आलेत,
पाण्याकडे तोंड असलेली खिडकी महाग.
परवा मी उगाच गाडी लावली
जिथे साधारण आमचा जिना असेल तिथे,
आणि बाकीच्या गाड्या मोजायला लागले :
हेन, दो, त्री, काहिर,
कूग, शे,
शख्त.

पुढे अजून बऱ्याच होत्या.