चौथं टेबल

मिनियापोलिस, फेब्रुवारी. बाहेर उणे एकोणीस.
आत, सभागृहात, प्लास्टिकचं गवत ऐन हिरवं.
खऱ्या सामन्याचं तिकीट जुन्या गाडीच्या भावाचं,
म्हणून सगळं गाव इथं:
कुणी जाळीत चेंडू लाथाडतंय,
कुणी पडद्यावरच्या उजेडाच्या खेळाडूशी
चाळीस यार्डांची शर्यत हरतंय, हसत हसत.

माझी नेमणूक चौथ्या टेबलावर.
कुणा नामांकित झेलकऱ्याच्या पंजाचा साचा,
वर पाटी: तुमचा हात किती मोठा?
पोरं हात ठेवतात, मनगटापर्यंत बुडतात,
आया फोटो काढतात. मी म्हणते, पुढचा.

पुढचा ऑरिन ट्वेट.
हातमोजा काढायला वेळ लावतो.
रांग चुळबुळते.
उजव्या पंजाला तीनच बोटं.
"डुकरांचा कारखाना," तो म्हणतो, "एकोणनव्वद साल,"
जणू मी पत्ता विचारला होता.

तळवा मात्र तंतोतंत बसला.
अंगठाही.
दोन बोटांची दोन खोल घरं
तशीच उघडी,
आणि मला पढवलेलं वाक्य आठवेना.

मागून एक पोरगी, गालांवर जांभळा रंग,
त्याच्या काखेखालून पुढे आली
आणि न विचारता
आपली दोन बोटं त्या घरांत घातली.
"हं. दाबा आता."

मी बटण दाबलं.
पट्टीवर छापून आलं: ब्याऐंशी टक्के.
उरलेले अठरा कुणामुळे गेले
यावर ती दोघं
गरम चॉकलेटच्या रांगेपर्यंत भांडत गेली.

हातमोजा माझ्या टेबलावरच राहिला,
पाचही बोटांचा.