रूम टोन

खैरनार मॅडमनी एक जाहिरात दिली, तीस सेकंदांची,
आणि तिच्यासाठी पंधरा दिवस.
शॉट मोजा. कोण बोलतं, कोण नुसतं हसतं, लिहा.
मी मोजले. सव्वीस.
आई चारदा दिसते, चारही वेळा ओट्याशी.
बाप एकदाच, ग्लास उचलताना.
शॉट अकरा : तांब्याचा हंडा,
हंड्यावर हातोडी, तिरपं ऊन,
आणि घोगरा पुरुषी आवाज : 'परंपरा'.
दोन सेकंद, चार फ्रेम.
बाराव्यात लगेच भिंतीवरचं पांढरं यंत्र,
निळ्या दिव्याचं, पाणी शुद्ध करणारं.

वहीत मी लिहिलं : हंडा म्हणजे विश्वास.
मॅडमनी समासात विचारलं :
कुणाचा हंडा?

या दोन शब्दांपायी
मी आणि सायमा कोकणी
भर दुपारी तांबट लेनमध्ये शिरलो.
कॉलेजचा ट्रायपॉड तिच्या खांद्यावर,
त्याचा एक पाय चिकटपट्टीने बांधलेला.
नऊ दुकानं झाली. स्टीलचे डबे, लग्नाच्या भेटी,
'माल मुरादाबादहून येतो ताई, इथे कोण ठोकतंय आता?'
दहाव्यात मोरेश्वर तांबट,
चष्म्याची एक काडी दोऱ्याची.

मोबाइल त्यांनी हातभर लांब धरला.
'हा माझा,' म्हणाले. 'मान बघा ना.
मानेला मी जरा आत घेतो, वडील घ्यायचे तशी.
गाडी आली होती मुंबईची. तीन हंडे नेले.
दोन परत आले.'
तिसरा?
'पोचा पडला म्हणे. ठेवून घेतला.
अहो, पोचा पडला तर ठोकून काढतात.
पण त्यांना कोण सांगणार?'

पुन्हा लाव, म्हणाले.
लावली.
पुन्हा.
तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले.
'हे लोखंड आहे.'
काय?
'पडतेय तांब्यावर, वाजतेय लोखंडावर.
तांबं आधी मुकं असतं पोरी.
ठोकत गेलं की कडक होतं, बोलायला लागतं.
फार बोलायला लागलं की थांबायचं,
भट्टीत घालून परत मऊ करायचं,
नाहीतर तडकतं.
आता हा यांचा ठोका... पहिल्यापासूनच बोलतोय.'

सायमानं संमतीपत्र पुढे केलं.
बोट फिरवत त्यांनी सगळं वाचलं,
'माझी प्रतिमा व आवाज' इथे अडखळले.
'आवाजाचे पण कागद लागतात?
त्यांनी माझ्याकडून कुठे काय घेतले होते?'
मग स्वतःच हसले : 'बरोबर आहे. माझा घेतलाच नाही ना.'
सही केली. उजवा खांदा वर जात नाही,
म्हणून डाव्या हाताने कागद वर सरकवत.

शेवटी सायमा म्हणाली, काका, एक मिनिट कुणीच बोलायचं नाही.
'कशासाठी?'
रूम टोन. नुसती इथली शांतता.
कापलेल्या जागा भरायला लागते.
'शांतता भरतात?' म्हणाले, आणि गप्प बसले,
मांडीवर हातोडी घेऊन, शाळेतल्या मुलासारखे.

पंख्याची कुरकुर. एक अॅक्टिव्हा गेली.
कबुतर पत्र्यावर घसरलं.
विसाव्या सेकंदाला कुठेतरी ठक,
मग ठक ठक.
त्यांची मान त्या बाजूला वळली, ओठ घट्ट.
साठ झाल्यावरच बोलले :
'स्टील.'

ते मिनिट आम्ही अजून कुठेच वापरलेलं नाही.
वहीत 'विश्वास' खोडून लिहिलं :
मोरेश्वर तांबट, तिसरा, परत न आलेला.
मॅडमनी बरोबरची खूण केली नाही,
चुकीचीही नाही. म्हणाल्या, पुढे?

पुढे काय, ते मला माहीत नाही.
रात्री गंगापूर रोडच्या खोलीत
घरमालकीण काकूंची मालिका मध्येच थांबली
आणि ओटा आला, आई आली.
'किती गोड आहे गं ही. आवाज वाढव जरा.'
मी वाढवला.
अकराव्या शॉटला लोखंड.
काकू हंड्याकडे बघत होत्या.