जाळीपलीकडे

माझ्या कबुलीघरासमोरची रांग
कधी आटली, कळलंच नाही.
तरुण पाद्र्याकडे गर्दी. मला वाटलं,
मुशियातली पापंच कमी झाली असतील.

मग ओबदुलिया आली, मासळीवाली.
जाळीपासून हातभर लांब बसून म्हणाली,
"फादर, तुम्ही क्षमा उच्चारता
तेव्हा मी श्वास रोखून धरते.
हे पाप लहान की मोठं?"

चाळीस वर्षं सार्डिनच्या टोपल्यांत गेलेली बाई!

दातांची डॉक्टर हसली नाही.
पोटाचा दोष नाही म्हणाली, लसणाचाही नाही;
जिभेच्या मुळाशी पिवळट साय,
हिरडीखाली जुनं कीटण,
रक्तदाबाच्या गोळीनं कोरडं पडलेलं तोंड,
त्यात माझे उपवास.
लाळ आटली की तोंडाचं डबकं होतं.

तिनं खरवडलं. रक्त आलं.
आता रोज जीभ घासतो, उमासा येईपर्यंत,
फटींतून दोरा, प्रवचनाआधी पाणी.
पुदिन्याची गोळी म्हणजे नुसतं झाकण.

एवढी वर्षं याच जिभेनं
लोकांना सांगत आलो, आत डोकावून बघा.

काल ओबदुलिया पुन्हा आली.
सांगण्याजोगं काहीच नव्हतं तिच्याकडे.
जाळीशी वाकली,
छाती भरून श्वास घेतला.

"हं," म्हणाली, "कॉफी प्यायलात."